पिवळ्या काठाचं घोंगडं

तोंडातून सुटलेला शब्द आणि ओढ्यात सुटलेली लोकर परत हाती लागत नाही, हे सोजराला कुणी शिकवायला नको होतं. तरी ती बोलून बसली.

रतनच्या लग्नाची बोलणी चालली होती. रतन ही सोजराची धाकटी नणंद. किकवीकडचे पाहुणे चढण चढून, धापा टाकत, वेल्ह्याच्या वरच्या अंगाच्या धनगरवाडीत आले होते. गूळपाणी झालं, मेंढरांची चौकशी झाली. मग मुलाची आई अंगाखालचं घोंगडं चाचपत म्हणाली, "नवरा-नवरीला बसायला तुमी बी असलंच काळं घालत आसाल?"

सोजरा दाराआड बसून लोकर कातायची चाती फिरवत होती. तिच्या तोंडून गेलंच, "आमच्या म्हायेरी पिवळ्या काठाचं घालत्यात. हळदीवानी पिवळं. म्या करीन की."

झालं. सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या. मुलाच्या आईला ते इतकं आवडलं, की वाडी उतरेपर्यंत भेटेल त्याला ती सांगत गेली, "आमच्या पोराला हळद लागंल ती पिवळ्या काठाच्या घोंगड्यावर!" सोजराची सासू धोंडाबाई नुसती सुनेकडं बघत राहिली. तिला राग आला होता की कौतुक वाटलं होतं, ते सोजराला कळलं नाही. धोंडाबाईच्या तोंडावरून काही कळणं हे कातळावरून पावसाचा अंदाज घेण्यापैकी होतं.

एरवी ही गोष्ट हौसेची होती. जमली तर जमली. पण रतनचं मागं एकदा ठरलेलं लग्न मोडलं होतं. सुपारी फुटली आणि दुसऱ्याच दिवशी मुलाकडचा एडका कड्यावरून खाली गेला. पाय घसरला एडक्याचा, आणि अपशकुनी ठरली रतन! तेव्हापासून पोरगी खाली मान घालून वावरायची. आता पुन्हा जमत आलं होतं. या वेळी कुठं काही वाकडं दिसायला नको, एवढंच घरातलं प्रत्येक जण मनात म्हणत होतं, आणि सोजरानं नेमका पिवळ्या रंगाचा भार स्वतःच्या डोक्यावर घेतला होता.

भार घ्यायला डोकं रिकामं कुठं होतं म्हणा. भाटघरचं मोठं धरण नुकतंच झालं होतं, त्या दिवसांतली ही गोष्ट. सोजराचा नवरा बाजी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाटाखाली कोकणात उतरलेला, तो लग्नालाच परतणार होता. घरी म्हातारा सासरा नाथा, सासू, नणंद, चार वर्षांची फुला, अंगावर पिणारा ज्ञानू, आणि मागं ठेवलेल्या चार-दोन व्यालेल्या मेंढ्या. पहाटे दळण, मग पाणी, मग भाकरी, मग कोकरं आयांना लावायची, मग ज्ञानू. या सगळ्याच्या फटीत लोकर. ती पाण्याला जाताना चाती फिरवी, येताना फिरवी, भांडताना सुद्धा फिरवी. तिचं सूत बारीक आणि एकसारखं यायचं. भोरचा सनगर, जो या वाडीची घोंगडी विणून द्यायचा, तो सूत बोटांवर घेऊन म्हणायचा, "हे सोजराबाईचं." तेवढं ऐकायला मिळालं की सोजराला पुढच्या बाजारापर्यंत पुरायचं.

रंगाचं मात्र तसं नव्हतं. रंग म्हणजे चूल अडवायची, आणि घरात चूल एकच. तिनं परसात तीन धोंडे मांडून दुसरी चूल केली आणि आईची रीत आठवून कामाला लागली. पांढरी लोकर रिठ्यानं धुवायची. हिरडा कुटून मातीच्या डेऱ्यात रात्रभर भिजत घालायचा. सकाळी त्यात तुरटी आणि पळसाची फुलं, मग लोकर, आणि मंद जाळ. ढवळायचं ते चिंचेच्या काठीनं. मातीचंच भांडं का, काठीच का, हे लहानपणी तिनं विचारलं होतं. "माझी आई आसंच करायची," असं आई म्हणाली होती, आणि तिथं तो प्रश्न मिटला होता.

पहिल्या खेपेला ज्ञानूनं रडून आभाळ डोक्यावर घेतलं. सोजरा त्याला पाजायला आत आली, तेवढ्यात एक कोकरू ओढ्याकडं पळालं, त्याच्यामागं फुला पळाली, आणि फुलामागं सोजरा. "जा तू, म्या हाय हितं," असं म्हणून धोंडाबाई चुलीपाशी बसली. सोजरा परत आली तेव्हा डेऱ्यातलं पाणी गढूळ झालं होतं. काठीनं लोकर उचलून बघते, तर ती काळपट! पिवळी नाही, तांबूस नाही, विझल्या चुलीतल्या कोळशासारखी.

तिनं लोकर ओढ्यावर नेऊन धुतली, पिळली, पुन्हा धुतली. काळी ती काळीच. आता काळी लोकर काय धनगराच्या घरात कमी असते? काळ्या मेंढ्या देवानं फुकट दिल्यात. पांढरी लोकर रंगवून काळी करणारी ही पहिलीच शहाणी असेल!

"जाळ जास्ती झाला आसंल," रतन म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

"व्हय, जाळच," सोजरा म्हणाली. पण तिला तसं वाटत नव्हतं. काय वाटत होतं, तेही तिला नीट सांगता आलं नसतं.

मग सुरू झाली डोक्याची चाती. तुरटी भोरच्या बाजारातली, ती भेसळीची असेल का? हिरडा गेल्या सालचा होता, तो कुबट झाला का? ओढ्याचं पाणी? माहेरी विहिरीचं पाणी असायचं. की फुलानं डेऱ्यात काही टाकलं? विचारल्यावर फुलानं "न्हाई" म्हणून मान हलवली, आणि मग "व्हय" म्हणूनही हलवली, कारण तिला वाटलं, आईला तेच हवंय. की आपल्याच हाताचं यश गेलं? आई गेल्यावर तिची रीत पण गेली का? हा शेवटचा विचार आला की सोजरा हातातली चाती अजूनच जोरात फिरवायची.

दुसऱ्या खेपेला तिनं सगळं बदललं. नवा हिरडा, नवा डेरा, डोंगरातल्या झऱ्याचं पाणी. तुरटी ठकूकाकीकडून मागून आणली. ठकूकाकी ही शेजारच्या घरची. वाडीत कुठं धूर निघाला तरी काय शिजतंय ते तिला आधी कळायचं. त्या दिवशी सोजराची अशी तारांबळ उडाली, की दुपारी जेवायला बसल्यावर नाथा म्हाताऱ्याचं तोंड पहिल्याच घासाला चंबूसारखं झालं.

"सूनबाई," त्यानं कसंबसं विचारलं, "कालवनात काय घातलंस?"

सोजरानं चाखलं आणि कपाळाला हात लावला. कालवणात तुरटी पडली होती. मग मीठ कुठं गेलं? ती उठून परसात धावली. डेऱ्यात मीठ गेलं असेल तर ते शोधणार कसं, हे धावताना तिच्या लक्षात आलं नाही. चुलीपाशी धोंडाबाई मांडीवर ज्ञानूला घेऊन बसली होती. डेऱ्यात तुरटीच होती. सोजरानं ती सकाळीच घातली होती आणि विसरली होती. म्हणजे रंगाचं सगळं बरोबर होतं. फक्त घरातल्यांची तोंडं वाकडी झाली होती.

आणि लोकर? लोकर पहिल्यापेक्षा काळी निघाली.

या वेळी सोजरानं ती ओढ्यावर धुवायलाही नेली नाही. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. इथं मारुतीसुद्धा धड झाला नव्हता. रतन आली, बघितलं, आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसली. ठकूकाकीला धूर दिसलाच होता. ती काळी लोकर दोन बोटांत धरून म्हणाली, "हळदीच्या रंगात काळं? माझ्या जन्मात न्हाई बगितलं. सोजरे, राग मानू नगंस, पन काही हातांना बरकत नसती बग. किकवीच्या पावन्यांच्या कानावर गेलं तर?"

कानावर घालणार कोण, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

धोंडाबाईनं काळी लोकर काकीच्या हातातून काढून घेतली आणि आत नेऊन ठेवली. त्या संध्याकाळी ती जेवली नाही.

पांढरी लोकर संपली होती. उरलं होतं ते फक्त जावळ, कोकरांची पहिली, लोण्यासारखी मऊ लोकर. ते सोजरानं ज्ञानूच्या पांघरुणासाठी थोडंथोडं साठवलं होतं. पावसाळ्यात डोंगरावर गारठा असा येतो की थोरांची हाडं वाजतात, लेकरांचं काय! तिनं ती गठडी मांडीवर घेतली, परत ठेवली, परत घेतली. पोराची ऊब घालून नणंदेचं लग्न सावरायचं, आणि तेही काळं झालं तर? मग ज्ञानूला काय? नवऱ्याला विचारावं तर तो घाटाखाली. माहेर तर आईबरोबरच संपलेलं. तिला स्वतःचाच राग आला. कुणी सांगितलं होतं दाराआडून बोलायला?

रतन भाकरी थापत होती. पीठ मळताना तिचं नाक लाल झालेलं सोजराला दिसलं, आणि तिनं गठडी सोडली.

दोनदा हात पोळल्यामुळं या वेळी तिनं हिरडा दोन डेऱ्यांत भिजवला. एक बिघडला तर दुसरा असावा. सकाळी एक चुलीवर चढवला आणि ती मेंढीखाली कोकरू लावायला गेली. परत येऊन, लोकर घालायच्या आधी, सवयीनं पाणी ढवळलं. काठी तळाला लागून खट् असा आवाज झाला.

सोजरा थांबली. पुन्हा ढवळलं. खट्.

तिनं बाही वर सारून कोमट पाण्यात हात घातला. हाताला एक पुरचुंडी लागली. वर काढून सोडली, तर आत गंजका लांब खिळा आणि मोडक्या विळ्याचा बोटभर तुकडा. चिंधी पार काळी पडली होती. चिंधीतून जे पाणी गळत होतं ते काळं होतं, आणि जिथं पुरचुंडी पडली होती, तिथून डेऱ्यातलं पाणी काळं होत चाललं होतं. लोखंड! म्हणून आईची काठी चिंचेची आणि भांडं मातीचं. आईलाही न ठाऊक असलेली गोष्ट सोजराला परसात उकिडवं बसून कळली.

पण हे कळल्यावर डोकं शांत व्हावं, ते अजूनच फिरलं. कारण चिंधीचं सूत आणि काठ ती ओळखत होती. धोंडाबाईच्या जुन्या लुगड्याची चिंधी होती ती.

दोन्ही खेपांना चुलीपाशी कोण बसलं होतं? "जा तू, म्या हाय हितं" कोण म्हणत होतं? सासूनं का करावं असं? सुनेनं चारचौघांत बढाई मारली म्हणून? पण स्वतःच्या लेकीच्या लग्नात? छे! पण मग चिंधी? आणि रात्री जेवली का नाही? रंग नासला म्हणून, की आपण नासवला म्हणून? सोजराला रडू आलं, मग राग आला, आणि मग दोन्ही एकदम आलं. पुरचुंडी मुठीत धरून ती घरात गेली. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं; पण बोलायचं हे ठरलं होतं.

धोंडाबाई ज्ञानूच्या उशाखाली विळा सरकवत होती. बाळंतपणापासून तो तिथंच असायचा; ज्ञानूला दृष्ट लागू नये म्हणून.

"आत्याबाई," त्या विळ्याकडं बघत सोजरा म्हणाली, "रंगाला दिष्ट लागली आसंल का हो?"

धोंडाबाईनं वर बघितलं. पहिल्यांदाच त्या कातळावर काही उमटलं.

"मग काय सांगतीया!" ती हळूच, गुपित सांगावं तशी म्हणाली. "तुला बोलले न्हाई, तू घाबरशील म्हनून. अगं, हळद लागली की नवरीला लोखंडाबिगर उंबरा वलांडू देत न्हाईत. आन् ही लोकर म्हंजी हळदच की! तिला का उघडी ठिवायची? पैल्या बारीला म्या बारका खिळा टाकला, मागनं गुपचूप काढून घेतला. दिष्ट लई जबर, न्हाई निघाली. मग दुसऱ्या बारीला मोठा टाकला. तरी काळंच. काल रातच्याला डोळ्याला डोळा न्हाई माझ्या. आज म्हनलं, आता विळाच मोडून घालते. माझ्या सासूचा विळा हुता त्यो. बग, आज पिवळं हुतंय का न्हाई. माझ्या रतनीच्या पाठीचं हे आरिष्ट म्या घालवूनच ऱ्हाईन."

सोजराची मूठ पदराखाली होती. ती उघडायला हवी होती. "तुमीच काळं केलंत," एवढं म्हटलं की झालं. तिच्या हाताचं यश परत मिळालं असतं, काकीचं तोंड बंद झालं असतं. आणि ही म्हातारी? लेकीच्या हळदीत आपणच काळं कालवलं, हे घेऊन ती उरलेला जन्म कशी काढणार?

"बरं झालं घातलंत," ती म्हणाली.

परसात येऊन तिनं पहिला डेरा ओतून दिला आणि दुसरा चढवला. पुरचुंडी टाकावी कुठं? उकिरड्यावर टाकली तर फुला उचलून आजीला नेऊन देईल. आणि खरं सांगायचं तर तिचंही धाडस होईना. इतक्या मायेनं घातलेलं लोखंड फेकलं आणि खरंच काही झालं तर? तिनं ते तसंच ओलं पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवलं, पदर कमरेला खोचला, आणि डेऱ्यापाशी ठाण मांडून बसली. ज्ञानू रडला, तिनं तिथंच पाजला. मेंढी ओरडली, तिला ओरडू दिलं. भाकरी रतननं केली. त्या दिवशी घर तिच्याशिवाय चाललं, आणि बरं चाललं, याचं तिला जरा वाईटच वाटलं.

जावळ वर काढलं तेव्हा ते पिवळं होतं. उन्हात धरलं तर हळदीनं माखल्यासारखं.

"वैनी!" रतन ओरडली, आणि ते ओरडणं ऐकून वाडी गोळा झाली. धोंडाबाई आली, लोकर गालाला लावून मोठमोठ्यानं सांगायला लागली, "लोखंड घातलं हुतं म्या! तीन बारीला घातलं, तवा कुठं दिष्ट हटली!"

"तरीच," ठकूकाकी म्हणाली. "न्हाईतर सोजराच्या हातानं कुठलं पिवळं हुतंय! लोखंडानं तारलं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सोजरा लोकर पिळत राहिली. तिला ते लागलं, फार लागलं. पण सांगणार काय आणि कुणाला?

"त्यो विळ्याचा तुकडा रतनीच्या वटीत बांधते," धोंडाबाई म्हणाली. "सासरी घिऊन जाईल." आणि तिनं डेऱ्यात हात घातला.

तिनं तळ चाचपला. फुलांचा चोथा बाहेर काढून बघितला. पुन्हा चाचपला. तिचा हात थांबला. मग तिनं मान वर केली, आणि तिची नजर सोजराच्या कमरेवर गेली. खोचलेल्या पदराच्या गाठीतून ओल झिरपली होती आणि लुगड्यावर हातभर काळा डाग पसरला होता. तसाच काळा, जसा आत ठेवलेल्या लोकरीचा होता.

धोंडाबाईनं डागाकडं बघितलं, पिवळ्या लोकरीकडं बघितलं. सोजरा गडबडीनं पदर लपवायला गेली, तर म्हातारीनंच पुढं होऊन, ओल्या हातानं, डागाचा भाग आत खोचून टाकला, कुणाला दिसणार नाही असा.

तेवढ्यात ठकूकाकी घरून विळा घेऊन आली. "ह्यो बी घाल. लोकर धुईपतूर जवळ आसू दे."

"लांब ने त्यो," धोंडाबाई म्हणाली.

"आँ?"

"लांब ने म्हनते ना. माझ्या सुनंच्या हाताला लोखंड लागत न्हाई. तिचा हातच तसा हाय."

काकी विळा हातात धरून उभीच राहिली. आता हिला सकाळी लोखंड हवं होतं आणि दुपारी नको कसं झालं, हे कोडं तिनं पुढं बरेच दिवस सगळ्यांना घातलं.

लोक पांगल्यावर दोघी डेऱ्यापाशी उरल्या. धोंडाबाईनं विचारलं, "पैल्या बारीला बी मीच का गं?"

"न्हाई आत्याबाई. पैल्या बारीला तुरटी वाईट हुती."

"लबाड." म्हातारीनं डोळे पुसले. मग ती उठली, आत गेली, आणि दोन्ही खेपांची नासलेली काळी लोकर घेऊन आली. ती सोजराच्या मांडीवर ठेवत म्हणाली, "जावळ तर तू रतनीला दिलंस. ह्याचं ज्ञानूला पांघरून कर. कात तू, म्या पोराला घेते. काळी हाय, आन् लोखंड पिऊन बसलीया. ह्यात गुंडाळल्यावर कुनाची दिष्ट लागतीया माझ्या नातवाला, बगते म्या!"

हे खरं की खोटं, शहाणपण की खूळ, सोजराला ठरवता आलं नाही. तिनं चाती घेतली आणि काळ्या लोकरीची पहिली बट ओढली. सूत बारीक येत होतं.